दिवा कधी मिचकतो

जामखेडहून खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात बायकांचा बचत गट होता. मालदांडी ज्वारी निवडायची, दळायची, पीठ अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरायचं आणि पुण्याच्या दुकानांना पाठवायचं, हा त्यांचा उद्योग. सुरुवातीला पिशवीचं तोंड हॅक्सॉच्या पात्यावर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवत. मग मागणी वाढली. गटाने कर्ज काढलं आणि एक जुनं पॅकिंग मशीन शेडमध्ये येऊन उभं राहिलं.

मशीनच्या जबड्यात नायक्रोमची एक पट्टी होती आणि पट्टीवर टेफ्लॉनचं कापड ताणलेलं. जबडा मिटला की पट्टीत क्षणभर वीज जायची, प्लास्टिक वितळून शीव बसायची आणि पट्टी लगेच गार व्हायची. पट्टीला 36 व्होल्ट लागत, म्हणून खालच्या कंट्रोल बॉक्समध्ये 230 चे 36 करणारा एक केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता. दर शिवेला त्या ट्रान्सफॉर्मरला चालू-बंद करायचं काम एका रिलेकडे होतं. पारदर्शक टोपीचा, काडेपेटीएवढा रिले. एका पिशवीला दोन शिवा, दिवसाला हजार पिशव्या. म्हणजे रोज दोन हजार वेळा टक्.

तिसऱ्या आठवड्यात तो टक् झाला आणि परत सुटलाच नाही.

पट्टी लाल झाली. टेफ्लॉनचं कापड जळून उग्र वास सुटला, अडकलेली पिशवी वितळून थेंब गळायला लागले. मशीनवर बसलेल्या बाईने लाल बटण दाबलं. मोटार थांबली, जबडा उघडा राहिला. बटण दाबलंय म्हटल्यावर सगळं बंद झालं असणार, असं समजून तिने पिशवी ओढायला हात घातला. पट्टीत वीज होतीच. दोन बोटं भाजली. कुणीतरी धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच पाडला, तेव्हा कुठे पट्टी काळी पडली.

गटात सगळ्यात वडीलधारी बाई म्हणजे आक्का. त्यांचा भाचा आयटीआय झालेला, पंचक्रोशीतल्या मोटारी आणि पॅनल तोच बघायचा. तो आला, डबा उघडला, रिले उपसून हातात घेतला.

"मावशी, हा चिकटलाय. आतले कॉन्टॅक्ट वेल्ड झालेत."

"कशानं?"

"पीस खराब निघाला असणार. हे बघ, ट्रान्सफॉर्मर घेतो चार पूर्णांक तीन अँपिअर. रिले आहे दहा अँपिअरचा. दुपटीहून जास्त ताकद आहे त्याच्यात. चिकटायचं कारणच न्हाई."

हिशोब बरोबर होता. एक हजार भागिले 230, उत्तर 4.3. त्याने क्लॅम्प मीटर लावून दाखवलाही. मीटरवर चारच्या आसपास आकडा स्थिर होता. त्याने तसलाच नवा रिले बसवला. तो पंधरा दिवसांत चिकटला. मग त्याने 30 अँपिअरचा मोठा रिले आणला, टक् ऐवजी खट् असा दणका देणारा. तो दोन महिने चालला आणि एका सकाळी तोही तसाच धरून बसला.

पोरगा आळशी नव्हता, बेफिकीरही नव्हता. अर्ध्या रात्री हाक मारली तरी येणारा. पण प्रत्येक वेळी तो तोच आकडा बघत होता आणि त्या आकड्यापुढे कधी तसलाच, कधी मोठा रिले ठेवत होता.

तिसऱ्यांदा त्याने ठरवलं, हलणारे कॉन्टॅक्टच नकोत. कॉन्टॅक्ट नाहीत तर चिकटणार काय? त्याने सॉलिड स्टेट रिले आणला. आवाज नाही, ठिणगी नाही, आणि वर लिहिलेलं की हा व्होल्टेज शून्यावर असतानाच चालू होतो. हीटरसाठी तोच चांगला, हे त्याने शिकताना ऐकलं होतं, आणि ते खरंही आहे. मशीन सुरू केलं. दहा पिशव्या झाल्या नसतील, डब्यातला सहा अँपिअरचा एमसीबी पडला. उचलला, पुन्हा पडला.

"एमसीबी कमी पडतोय. सोळाचा टाकतो," असं म्हणून तो पिशवीत हात घालणार, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "थांब."

आक्का कोण होत्या ते इथे सांगायला हवं, कारण त्याशिवाय त्यांचं ते 'थांब' कळायचं नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली जामखेडला आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडून शिकवायचं ठरवलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, गावात परत जाऊन काम करायच्या आणि काय अडलं ते घेऊन पुन्हा जामखेडला यायच्या. लेकरं जुलाबाने जात होती त्या काळात या बायकांनी साखर-मिठाचं पाणी घरोघर पोचवलं, आणि त्याच्याही पुढे जाऊन विचारलं की हे लेकरू पाणी पितं ते कुठल्या विहिरीचं. आरोळ्यांना 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून माणसं जामखेडला शिकायला यायला लागली. त्या कामाचं बळ या बायकांच्या अशा साध्या प्रश्नांत होतं, असं मला मनापासून वाटतं. आक्का त्यांच्यातल्याच एक. आता त्या गावात औषधं वाटत फिरत नसत, पण सवय गेलेली नव्हती.

"पडतोय तो काहीतरी सांगाया लागलाय," आक्का म्हणाल्या. "आणि तू त्यालाच बदलाया निघालास. ताप आला म्हणून कुणी थर्मामीटर फोडतं का? आतल्या वायरी तरी सोळाच्या हायेत का?"

भाचा गप्प झाला. वायरी बारीक होत्या. सोळाचा एमसीबी बसला असता तर पुढची पाळी वायरींची होती.

आक्का मशीनवर बसणाऱ्या बाईकडे वळल्या. बोटांवरच्या जखमा भरल्या होत्या, कातडी अजून गुलाबी होती. "तू दिवसभर हितं बसतीस. चिकटायच्या आधी काय दिसायचं, काय ऐकू यायचं? आणि कधी?"

बाई आधी लाजली. तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "आक्का, शीव मारताना वरचा दिवा मिचकायचा. पण दर टायमाला न्हाई. दहा-बारा पिशव्या काहीच न्हाई, आणि मग एकदम दिवा मिचकायचा आणि खालचा डबा गुरगुरायचा. एकदा चिकटला तेव्हा असाच जोरात गुरगुरलेला."

"आणि आता, ह्या नव्या रिलेला?"

"आता दर पिशवीला मिचकतोय."

भाच्याने मान वर केली. चार अँपिअरने दिवा मिचकत नाही, एवढं तर त्यालाही कळत होतं. मीटर चार दाखवत होता आणि दिवा दुसरंच काही सांगत होता. त्याचा मीटर सेकंदातून दोन-तीनदा आकडा बदलणारा. त्या दोन आकड्यांच्या मधे काय घडून जातं ते त्याला दिसतच नव्हतं. दिव्याला दिसत होतं. दिव्याखाली बसलेल्या बाईलाही.

दुसऱ्या दिवशी मावशी-भाचा दोघंही जामखेडला गेली. बीड रोडला एका वस्तादांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात जळालेल्या पाणबुडी मोटारींची तिथे रांग लागलेली असे. वस्तादांनी आधी नगरच्या एमआयडीसीत पॅनल बांधण्यात बरीच वर्षं काढलेली. भाच्याने चिकटलेले रिले त्यांच्या पुढ्यात ठेवले. वस्तादांनी एकाची टोपी काढली, कॉन्टॅक्ट भिंगाखाली धरला आणि आक्कांच्या हातात दिला. चांदीच्या ठिपक्यावर वितळून गोठलेला खड्डा होता.

"हा चालताना वितळलेला न्हाई," वस्ताद म्हणाले. "मिटताना वितळलाय. ट्रान्सफॉर्मर आहे ना पुढं?"

"हो. चार पूर्णांक तीन अँपिअर," भाचा म्हणाला.

"ते चालू झाल्यावर. चालू होताना किती?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं, आणि पाटीवरही ते छापलेलं नसतं. वस्तादांनी खडूने फरशीवर विजेची लाट काढली.

"व्होल्टेज सेकंदाला शंभरदा शून्यावरून जातं. ट्रान्सफॉर्मर चालत असतो तेव्हा लोखंडातलं चुंबकत्व त्याच्या पाव फेरा मागं चालतं. व्होल्टेज शेंड्याला, तेव्हा चुंबकत्व शून्याला. आता तू बंद असलेला ट्रान्सफॉर्मर चालू केलास आणि नेमकं त्या वेळी व्होल्टेज शेंड्यावर असलं, तर दोघांचा मेळ बसतो, काही होत न्हाई. पण व्होल्टेज शून्यावर असताना चालू केलास, तर पहिल्या अर्ध्या फेऱ्यात, म्हणजे दहा मिलिसेकंदांत, चुंबकत्व नेहमीच्या दुपटीपर्यंत चढाया बघतं. मागच्या वेळचं थोडं लोखंडात उरलेलं असतं, ते त्याच दिशेचं निघालं तर आणखी वर. लोखंड तेवढं घेत न्हाई. ते भरून जातं. आणि लोखंड भरलं की विजेला अडवायला उरते फक्त वेटोळ्यातली तांब्याची तार. मग करंट दहापट, पंधरापट उसळतो. तुझ्या चाराचे होतात चाळीस, साठ. चार-दोन फेऱ्यांत उतरून पुन्हा चारावर."

"आणि तेवढ्यात रिलेचे कॉन्टॅक्ट..."

"ते मिटताना एका फटक्यात मिटत न्हाईत. उड्या मारतात, दोन-चार मिलिसेकंद. आणि तेवढ्यातच करंट उसळाया लागतो. दर उडीला ठिणगी, चांदी वितळती, आणि वितळलेल्या चांदीवर कॉन्टॅक्ट येऊन बसतो. मग तो कसा सुटायचा? रिलेवर दहा अँपिअर लिहिलेत ते साध्या हीटरसारख्या भारासाठी. तसल्या भारावरसुद्धा अशा रिलेचं आयुष्य साधारण एक लाख वेळा मिटण्याचं. तुमच्या रोजच्या दोन हजारांनी ते पन्नास दिवसांत संपलं असतं. हे दहाचे तर त्याच्या आधीच गेलेत."

दिवा कधी मिचकायचा आणि कधी नाही, याचा उलगडा भाच्याला झाला. रिले लाटेच्या कुठल्या जागी मिटेल याचा नेम नव्हता. शेंड्याजवळ मिटला तर शांत, शून्याजवळ मिटला तर गुरगुर. आणि मग त्याला आपल्या नव्या सॉलिड स्टेट रिलेचीही आठवण झाली.

"वस्ताद, मी आणला तो शून्यावरच चालू होणारा."

"म्हणजे सगळ्यात वाईट क्षण निवडून, दर वेळी, न चुकता," वस्ताद म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "हीटरला तो उत्तम. ट्रान्सफॉर्मरला उलटा. ट्रान्सफॉर्मरसाठी शेंड्यावर चालू होणारे निराळे येतात. ते पुण्याहून मागवावे लागतील. न्हाईतर आधी एक रेझिस्टन्स मधे घालून चालू करायचं आणि क्षणभराने दुसऱ्या रिलेने तो बाजूला काढायचा. तेही चालतं."

दोन्ही उपाय खरे होते. भाचा पुण्याच्या दुकानाचा नंबर शोधायला लागला. आक्का हातातला खड्डा पडलेला कॉन्टॅक्ट फिरवत बसल्या होत्या.

"वस्ताद, एक विचारू? ह्यो मार फक्त चालू करताना बसतोय?"

"हो."

"चालू ठेवला तर?"

"तर कशाला बसेल?"

"मग त्याला दर पिशवीला झोपवायचं आणि उठवायचं कशापायी? सकाळी एकदा उठवा. पट्टी तेवढी चालू-बंद करा."

दुकानात क्षणभर कुणी बोललं नाही. मग वस्तादांनी फरशीवरचं चित्र हाताने पुसलं आणि नवं काढायला घेतलं.

रिले किती मोठा हवा, याच प्रश्नावर भाच्याने तीन महिने घालवले होते. मशीन विकत घेतलं तेव्हा रिले ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे होता, म्हणून तो तिथेच असायला हवा, हे त्याने न तपासता धरून चाललं होतं. बहुतेक जण तेच धरून चालतात. एखादी वस्तू जिथे भेटते तिथेच तिची जागा आहे, असं आपल्याला वाटत राहतं, आणि मग आपण तिथेच तिला बळकट करत बसतो. आक्कांना विजेतलं काही कळत नव्हतं. पण एकाच घरातली लेकरं पुन्हा पुन्हा जुलाबाने आजारी पडली की औषधाचा डोस वाढवायच्या आधी हंडा बघायचा, हे त्या तरुणपणी शिकल्या होत्या.

वस्तादांनी मांडणी केली ती अशी. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, 230 व्होल्टच्या बाजूला, मोटारीला वापरतात तसला दणकट कॉन्टॅक्टर. मोटारही सुरू होताना सहा-सातपट करंट ओढते, त्यामुळे त्या कॉन्टॅक्टरला असले धक्के नवे नसतात. तरी कंपनीच्या तक्त्यात ट्रान्सफॉर्मरचा वेगळा रकाना असतो, तो बघूनच आकार निवडायचा. हा कॉन्टॅक्टर सकाळी एकदा मिटणार आणि संध्याकाळी एकदा सुटणार. एमसीबी सहाचाच, पण 'सी' ऐवजी 'डी' जातीचा. 'सी' पाच ते दहापट करंटला झटक्यात पडतो, 'डी' दहा ते वीसपटीला. म्हणजे सकाळचा तो एक धक्का सोसेल आणि रोजच्या भाराला वायरींची राखण सहा अँपिअरवरच राहील. आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, 36 व्होल्टच्या बाजूला, पट्टीसाठी सॉलिड स्टेट रिले. तिथे करंट 28 अँपिअर, म्हणून रिले 60 अँपिअरचा, चांगल्या रुंद हीटसिंकवर. तो कमी व्होल्टेजवर चालतो ना, हे त्याच्या कागदात बघून घ्यायचं.

"इथं शून्यावर चालू होणारा चालेल?" भाच्याने विचारलं.

"इथं तोच चांगला. इथं पुढं नुसती पट्टी आहे."

ट्रान्सफॉर्मर दिवसभर चालू राहणार, म्हणजे एखाद्या बल्बाइतकी वीज जास्त जाणार आणि तो कोमट राहणार. वस्तादांनी हेही सांगितलं. आक्कांनी मान डोलावली. खर्च काय आणि कशापायी, एवढं कळलं की त्यांची तक्रार नसे.

निघता निघता त्या म्हणाल्या, "एक राहिलं. लाल बटण."

"ते चालू आहे मावशी, मोटार थांबते त्यानं," भाचा म्हणाला.

"पोरीची बोटं भाजली तेव्हाही मोटार थांबलीच होती."

भाचा खाली बसला. त्या बटणाकडे त्याने कधी त्या नजरेने बघितलंच नव्हतं. बटण रिलेच्या कॉइलची वीज तोडत होतं. पण कॉन्टॅक्ट चिकटल्यावर कॉइलला कोण विचारतो? वस्तादांनी चित्रात आणखी एक रेघ ओढली. लाल बटण आता कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये. ते दाबलं की कॉन्टॅक्टर सुटणार आणि ट्रान्सफॉर्मरसकट पट्टीही बंद. शिवाय लाइट जाऊन परत आली तरी कॉन्टॅक्टर आपोआप मिटणार नाही. कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन थंड राहील. दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या गावात हे फार मोलाचं.

सामान यायला आठवडा गेला. तेवढे दिवस बायकांनी पुन्हा मेणबत्ती आणि हॅक्सॉचं पातं काढलं. कुणी कुरकुरलं नाही.

भाच्याने डबा नव्याने बांधला. या वेळी त्याने मशीनवर बसणाऱ्या बाईला शेजारी बसवून प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते सांगितलं. डब्याच्या दाराच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवला आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, की ट्रान्सफॉर्मर सकाळी एकदाच चालू करायचा, आणि दिवा मिचकायला लागला तर मशीन थांबवून निरोप द्यायचा.

मशीन सुरू झालं. शंभर पिशव्या झाल्या. दिवा स्थिर. बायका खूश झाल्या, कुणी चहा टाकायला उठलं. आक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आता तो चिकटला असं समज," त्या भाच्याला म्हणाल्या.

"कोण?"

"तुझा नवा रिले. आज न्हाई तर पाच वर्षांनी. तो चिकटल्यावर काय व्हतं ते मला आज बघायचंय."

सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू अवस्थेतच बिघडतो, हे भाच्याला माहीत होतं. त्याने सगळ्यांना मागे सरायला लावलं, मेन पाडला, जबड्यातली पिशवी काढून टाकली, टेफ्लॉनचं कापड सोडवलं आणि रिलेच्या दोन टोकांवर जाड वायरचा तुकडा आवळला. मग मेन उचलला आणि हिरवं बटण दाबलं. डब्यात एकदा गुरगुर झाली, दिवा एकदा मिचकला. पट्टी तापायला लागली, आधी करडी, मग लालसर.

"तू दाब," आक्का त्या बाईला म्हणाल्या.

ती पुढे आली. तिचा हात बटणाजवळ थोडा थांबला. मग तिने तळव्याने बटण दाबलं. कॉन्टॅक्टर खाडकन सुटला. पट्टीचा लाल रंग त्यांच्या डोळ्यांदेखत उतरला. भाच्याने मीटर लावला, शून्य दाखवला. तिनेही वाकून तो आकडा बघितला.

"आता तू," आक्का दुसरीला म्हणाल्या. गटातल्या प्रत्येकीने ते बटण दाबून बघेपर्यंत त्यांनी वायरचा तो तुकडा काढू दिला नाही.